हलगी, पेटी आणि लॅपटॉप

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीला गावी जाऊन आलो तेव्हापासून लिहायचं रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. का टाळत होतो ते पुढं येईलच.

गाव म्हणजे शिरड शहापूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका, वसमतहून औंढ्याला जाताना मध्ये लागतं. (दर वेळी "शिर्डी का?" असं विचारणाऱ्या पुण्यातल्या मित्रांनो, नाही. शिरड.) मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळं बाहेरगावची माणसं येतात. बाकी सोयाबीन, कापूस, हळद आणि संध्याकाळचं भजन.

तर झालं असं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. धाकट्या भावाचा मुलगा, नववीतला, मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, मी गाणं बनवलंय. ऐका."

ऐकलं. धाडधाड ढोल, त्यावर सनईसारखं काहीतरी, मध्येच एक बाई इंग्रजीत ओरडते, परत ढोल. तीसेक सेकंद.

"ढोल कुणी वाजवला रे?"

"ॲपमधी हाय."

"आणि सनई?"

"ती बी ॲपमधीच."

"मग तू काय केलंस?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "मी लावलं."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण "लावणं" ही काही फुकाची गोष्ट नाही. कुठं ढोल थांबवायचा, कुठं सनई आणायची हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं, आणि सनई खरंच बरोबर जागी आली होती. पोराला कान आहे. नव्हतं ते शिकवणारं कुणी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावातल्या मुलांना संगणकावर, मोबाईलवर संगीत करायला शिकवलं पाहिजे, आणि जमलं तर शाळेतच शिकवलं पाहिजे. हे मत माझं दिवाळीच्या आधीही होतं. दिवाळीनंतर त्याला एक "पण" चिकटला आहे. आज लिहायचं आहे ते त्या "पण"बद्दल.

मी काही संगीताचा जाणकार नाही. लहानपणी आबांच्या (माझे चुलते) भजनी मंडळात टाळ धरले, पेटीवर चार अभंग बसवले, बस. पुण्यात नोकरी करताना फावल्या वेळात संगणकावर आवाजाची कापाकापी करायचा नाद लागला. त्यासाठी मी ऑडॅसिटी नावाची प्रणाली वापरतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे त्याचे प्राध्यापक, या दोघांनी ती केली आणि २००० साली सगळ्यांसाठी फुकट खुली केली. आजही ती फुकटच आहे, आणि जुन्यापान्या लॅपटॉपवरही चालते. गुरू-शिष्यानं मिळून केलेली वस्तू, म्हणून मला तिचं जास्त कौतुक.

पुतण्याला म्हटलं, उद्यापासून मित्रांना घेऊन ये. सहा दिवस, रोज दोन तास. सात जण आले, पाच मुलं आणि दोन मुली. माझा लॅपटॉप, एक साधा माईक आणि मुलांनी घरून आणलेले दोन मोबाईल एवढंच सामान. एकच अट घातली: ॲपमधला तयार आवाज वापरायचा नाही. आवाज आपण जाऊन आणायचा.

पहिल्या दिवशी पोरं गावभर हिंडली. हापशाचा आवाज आणला, पिठाच्या गिरणीचा पट्टा आणला, एसटीचा हॉर्न आणला, शाळेच्या व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दगड मारून घंटा आणली. एका मुलीनं आजीच्या बांगड्यांचा आणि जात्याचा आवाज आणला. त्या घरातलं जातं कित्येक वर्षं फिरलं नव्हतं, तिच्यासाठी आजी मुद्दाम बसली म्हणे.

लॅपटॉपवर आवाजाचं चित्र दिसतं. डोंगर-दऱ्यांसारखी रेघ. ती मोठी करत गेलो की शेवटी सुटे ठिपके दिसायला लागतात. संगणक आवाज साठवतो म्हणजे एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप घेऊन तेवढे आकडे लिहून ठेवतो. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि तो नीट पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहेच. पण स्वतःचा आवाज ठिपक्यांत पाहिल्यावर एक पोरगा म्हणाला, "म्हंजे गाणं म्हंजे गणितच हाय की!" मी म्हटलं, आबांच्या समोर बोलू नकोस.

आबा दारातच उभे होते.

आबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. पन्नास-साठ वर्षं गावात पेटी वाजवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बटणं दाबून गाणं होत नसतं. त्याला गळा लागतो, हात लागतो, वर्षानुवर्षं बसावं लागतं. तू पोरांना डीजे करायला निघालास.

मी त्यांना उलट बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. म्हटलं, आबा, तुमची पेटी तरी कुठली? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये पायानं भाता मारायचं वाद्य निघालं. साहेबांबरोबर ते इकडं आलं. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून, एका हातानं भाता मारून वाजवता येईल अशी पेटी केली. आणि ती आपल्या कीर्तनात, नाटकात, तमाशात बसली न बसली तोच शहाण्या लोकांनी तिला नावं ठेवायला सुरुवात केली. आकाशवाणीनं तर १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदीच घातली. ती १९७१ मध्ये उठली, तीसुद्धा पूर्ण नाही. म्हणजे आबा, तुम्ही तरुणपणी पेटी शिकत होता तेव्हा तुमचं वाद्य रेडिओला चालत नव्हतं!

आबांना हे माहीत नव्हतं. ते काही बोलले नाहीत. पण आत गेले नाहीत, तिथंच खुर्ची ओढून बसले.

तिसऱ्या दिवशी एक गंमत केली. भजनात गाणाऱ्या मुलीला एक लांब "सा" लावायला सांगितला आणि तो साठवला. मग तोच आवाज दुप्पट वेगानं वाजवला. वरचा सा! तोच आवाज दीडपट वेगानं वाजवला. पंचम! सव्वापट केला, शुद्ध गंधार लागला. एका "सा"मधून, नुसता वेग बदलून, अख्खं सप्तक काढता येतं. हे मी शोधलेलं नाही, स्वरांचं नातंच मुळात अपूर्णांकांचं आहे. पण कानानं ऐकल्यावर सातही जण गप्प झाले.

आणि आबा मागून म्हणाले, "म्हणजे दिडकीचा पंचम आणि सवायकीचा गंधार."

पावकी, निमकी, सवायकी, दिडकी... आबांच्या पिढीनं हे पाढे छड्या खाऊन पाठ केलेले. ज्यांनी ते पाढे ऐकलेच नाहीत त्या पोरांना आबांनी तिथंच म्हणून दाखवले. मग स्वतः उठून पेटी आणली, काळी चारचा सा धरला. लॅपटॉपवरचा सा त्याला जुळवून घेतला. गंधार लावला आणि कपाळाला आठी पडली. "तुझा उतरतोय."

उतरत नव्हता. पेटीचा चढा होता. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळं तिचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढाच राहतो. आकाशवाणीच्या बंदीच्या वेळी पेटीवर जे आक्षेप होते त्यातला हा एक. आबांनी पंधरा मिनिटं आलटून पालटून ऐकलं आणि म्हणाले, "गाताना मी पेटीच्या खाली का सरकतो ते आज कळलं." साठ वर्षांनी, एका फुकटच्या प्रणालीमुळं. (ताई, आबांनी लॅपटॉपला हात लावला यावर तुझा विश्वास बसणार नाही. फोटो आहे.)

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या पोरांना हे असलं शिकवणं म्हणजे नवलाईचा खेळ. पण विद्यार्थ्यांपुढं यंत्र ठेवून "करा संगीत" म्हणणं आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वीच झालेलं आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर आले आणि त्यांनी तिथं मूग सिंथेसायझर बसवून दिला. खोलीची भिंत अडवणारं, वायरींच्या जंजाळाचं यंत्र. गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा आणि आणखी काही जणांनी त्यावर आणि टेपवर काम केलं. त्यांच्यासमोर काही नमुनाच नव्हता, त्यामुळं त्यांनी केलेलं कशासारखंच वाटत नाही. तीन-चार वर्षं हे चाललं आणि थांबलं. टेपा संग्रहात पडून राहिल्या. पुढं पॉल पर्गास या ब्रिटिश कलावंताच्या त्या हाती लागल्या आणि २०२३ मध्ये त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. म्हणजे केलं तेव्हा ऐकायला कुणी नाही, आणि ऐकायला मिळालं तेव्हा पन्नास वर्षं उलटलेली.

यातून मी एवढंच घेतलं की यंत्र एका खोलीत आणि मोजक्या माणसांच्या हातात असलं की ती माणसं पांगली की विद्या संपते. आज तसं नाही. अहमदाबादेतल्या त्या खोलीत जे करता येत होतं त्यातलं पुष्कळसं माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये होतं. २०१५ मध्ये निघालेलं बँडलॅब फुकट आहे, एलएमएमएस फुकट आहे, ऑडॅसिटी फुकट आहे. आमच्याकडच्या बहुतेक डीजेंकडं असतं ते एफएल स्टुडिओ. १९९७ च्या सुमारास बेल्जियममध्ये ते निघालं तेव्हा त्याचं नाव फ्रूटी लूप्स होतं. यंत्राचा तुटवडा संपलेला आहे. शाळेत संगीताला मास्तर मिळेलच असं नाही, संगणक मात्र बऱ्याच ठिकाणी खोलीत झाकून ठेवलेले असतात. त्यावरचं कापड काढायचा अवकाश आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं. आता "पण"कडं येतो.

चौथ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, मपल्या बापाची हलगी घ्यायची का?" (मला तो सर म्हणायचा. बाकीचे काका.) त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या हलगी. वडील माझ्या शाळेतले, दोन वर्षं मागं. लग्न, जत्रा, बैलपोळा, मयत, गावात काहीही असो, त्यांची हलगी असायची. आमच्या भागात हे वाजवण्याचं काम मातंग समाजाकडं आलं ते गावकीचं काम म्हणून आलं. वाजवायला पुढं आणि जेवायला शेवटी, हे मी लहानपणी डोळ्यानं पाहिलेलं आहे. आता वाजवणंही कमी झालंय, कारण वरातीला डीजे आला.

ते संध्याकाळी आले. अंगणात कागद पेटवून हलगी तापवून घेतली, बोटानं टिचकी मारून बघितली, आणि दीड मिनिट असं वाजवलं की शेजारपाजारची माणसं गोळा झाली. मी माईक जरा लांब धरला होता तरी लॅपटॉपवरची रेघ वरखाली टेकत होती.

दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यातले चार सेकंद निवडले. आठ मात्रांचं एक आवर्तन, मिनिटाला एकशेवीसची लय. चार सेकंद म्हणजे १,७६,४०० आकडे. ते एकामागून एक चिकटवले की हलगी कितीही वेळ वाजत राहते. पण जोड खटकत होता. पुतण्या हुशार, त्यानं मोबाईलमध्ये एकेक ठोका सुटा करून ॲपच्या चौकटींत बसवला. अशा ॲपमध्ये बहुतेक वेळा सोळा चौकटींची ओळ आधीच आखलेली असते. केरवा, तीनताल त्यात आपसूक बसतात. (आबांनी रूपक मागितला तेव्हा सात मात्रा बसवताना आमची दाणादाण उडाली. चौकटी कमी-जास्त करता येतात, पण तसं करायचं असतं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.)

वडिलांना बोलावून दोन्ही ऐकवलं. त्यांचं जसंच्या तसं, आणि चौकटीत बसवलेलं. दुसरं ऐकून ते म्हणाले, "हे साफ हाय. पर ह्याच्यात मी नाही."

मग आम्ही रेघा एकाखाली एक लावून पाहिल्या. त्यांचे काही ठोके चौकटीच्या किंचित आधी पडत होते, काही किंचित नंतर. किंचित म्हणजे किती, तर एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले वीस-तीस. आणि ते चुकून पडत नव्हते. प्रत्येक आवर्तनात तोच ठोका तेवढाच मागं. हलगीची ओढ तिथं होती, आणि आम्ही ती पुसून टाकली होती. मुलांना मी सहा दिवसांत जे काही शिकवलं त्यात हे सगळ्यात मोलाचं, आणि ते मी शिकवलेलं नाही.

उठताना ते म्हणाले, "भाऊ, ह्या पोरांपाशी आता मपली हलगी हाय. मला कोण बलावंल?"

हसतच म्हणाले. मीही हसलो. म्हटलं, छे हो, हे नुसतं शिकण्यापुरतं आहे. आणि विषय संपला असं मला वाटलं.

सहा दिवस झाले, मी पुण्याला परतलो. तुळशीची लग्नं लागली, लग्नसराई सुरू झाली. एका रात्री पुतण्याचा फोन आला. रडवेला. त्यानं ते हलगीचे चार सेकंद, ओढीचे, मूळचे, एका ओळखीच्या डीजे लावणाऱ्या पोराला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. कौतुकानं. त्या पोरानं त्याच्यावर खालून धमधम घालून वरातीत वाजवलं. दणक्यात चाललं म्हणे. आणि जिथं वाजलं तिथं हलगीवाले कुणाच्या तरी लग्नाला पाहुणे म्हणून आलेले होते.

मी त्यांना फोन केला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तेच म्हणाले, "भाऊ, वाजली चांगली. लई चांगली वाजली. मी रस्त्याच्या कडंला उभा व्हतो."

हा फोन झाल्यापासून मी लिहायचं टाळत होतो.

पुतण्याची चूक नाही. त्या डीजेच्या पोराचीही फारशी नाही, त्याला रोज असेच तुकडे येतात आणि तो ते लावतो. चूक माझी आहे. मी मुलांना आधी कापायला शिकवलं आणि हे कुणाचं आहे ते विचारायला शिकवलंच नाही. तयार आवाज वापरायचा नाही, एवढी ऐट मिरवली. आपण स्वतः जाऊन आणलेला आवाज आपलाच असतो असं मी गृहीत धरलं. हापशाच्या बाबतीत ते खरं असेल. माणसाच्या बाबतीत खरं नाही.

आणि हे जगात पहिल्यांदा झालेलं नाही. अहमदाबादेत सिंथेसायझर आला त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूच्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ढोलकवादक जेमतेम सात सेकंद एकटा वाजवतो. पुढं हे सात सेकंद कापून, चिकटवून, वेग वाढवून हजारो गाण्यांत वापरले गेले. त्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले, माणसं श्रीमंत झाली. कोलमन २००६ मध्ये वारला. त्याला त्या सात सेकंदांचा एक पैसाही मिळाला नाही. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या डीजेंनी वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. चांगलं केलं. पण वाजवणारा तोवर गेलेला होता.

सात सेकंद आणि चार सेकंद. फरक एवढाच की आमचा वाजवणारा जिवंत आहे आणि बसनं अर्ध्या दिवसात त्याच्या घरी जाता येतं.

कायदा काय म्हणतो ते नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलाकाराचा वेगळा हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं त्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही मिळाला. हा कलाकार कोण, याची कायद्यात यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारे, जादूगार, आणि चक्क गारुडी! म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला गारुडी आठवला, आणि मला माझ्या अंगणात बसलेला वादक आठवला नाही.

काही मित्रांशी बोललो तेव्हा एकानं सुचवलं, मग बंदच कर हे. असली भानगडच नको. मला ते पटत नाही. आकाशवाणीनं पेटी बंद केली म्हणून गावोगावची पेटी थांबली नाही. मी शिकवलं नाही म्हणून मुलं थांबणार नाहीत. ती ॲपमधले ढोल लावतील, आणि तो ढोल कुणी वाजवला हे त्यांना कधीच कळणार नाही. ती गाणी करणारच आहेत. आपल्या हातात आहे ते एवढंच की ती डोळे उघडे ठेवून करतील की मिटून.

म्हणून माझं दिवाळीनंतरचं मत असं. शिकवा, जरूर शिकवा, पण क्रम बदलून. आधी ऐकायला. मग आवाज आणायला, आणि आणताना माणसाला सांगून आणायला: मी हे कशासाठी घेतोय, कुणाला देणार, तुम्हाला काय मिळणार. फाईलच्या नावातच वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायची. "हलगी १", "हलगी २" असं नाही. चौकटी त्यानंतर. आणि चौकटीत बसवलेलं आणि न बसवलेलं शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही. हे सगळं वहीच्या एका पानावर मावतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही.

आता उरलेली हकिगत. त्या फोनवर मी चाचरत विचारलं होतं, पैसे पाठवू का. मला वाटलं होतं ते नको म्हणतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ते म्हणाले, "पाठवा की. वाजवलंय ना मी." एका वरातीच्या सुपारीचे जे होतात तेवढे पाठवले. पुतण्यानं त्याच्या भाऊबीजेच्या पैशांतले शंभर घातले. बहिणीला दिलेली भाऊबीज त्यानं परत मागून आणली अशी बातमी आहे, त्यावरून घरात वेगळंच महाभारत झालं. असो.

माझ्याकडच्या मूळ दीड मिनिटाचं काय करू, हेही विचारलं. म्हणाले, ठेवा, पण कुणाला देऊ नका, पोरालाच द्या. ती फाईल आता त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये आहे, वडिलांच्या नावानं. ते चार सेकंद मात्र गेले. ते किती फोनांत फिरतायत कुणास ठाऊक. आज कुठल्या वरातीत वाजत असतील. परत घेता येत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत परत जाणार आहे. मुलांचे फोन सुरू झालेत, या वेळी अकरा जण आहेत. पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही असं ठरलंय. पहिल्या दिवशी आबा पेटी आणि दिडकी शिकवणार. दुसऱ्या दिवशी हलगी. शिकवायला हलगीवाले येणार आहेत, आणि त्यांची रोजची किती ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.